बेसनाच्या लाडवांवर झालेला तह

ज्ञानदाच्या घरी गेलात तर सोफ्यावर धपकन बसू नका. तिथे अमेरिका पसरलेली असते. जुन्या चादरीवर रंगवलेला भलामोठा नकाशा, त्याला टाचण्या, बाजूला कात्री, आणि टीपॉयवर कालचा चहाचा कप. एकदा मी बसले तर केवढ्यानं ओरडली, "उल्का, ऊठ! मिसिसिपीवर बसलीस!" मी म्हटलं, बाई गं, आधी चहा दे, मग कुठल्या नदीत बुडवायचंय तिथे बुडव.

आयर्लंडमधल्या लिक्सलिपमध्ये आम्ही एकाच वसाहतीत राहतो, ती चार घरं पलीकडे. तिचा प्रताप आणि माझा शिरीष दोघंही कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात. मी घरून डबे आणि फराळ करते. ज्ञानदा नागपूरला शाळेत इतिहास शिकवायची. इथे आली ती प्रतापची बायको म्हणून, आणि त्या काळी आमच्यासारख्या बायकांच्या व्हिसाच्या कार्डावर काम करायची मुभाच नव्हती. वर्गात उभी राहिली की शेवटच्या बाकापर्यंत जिचा आवाज जायचा ती बाई इथे वर्षानुवर्षं डिशवॉशर भरत बसली. लोक म्हणायचे, काय मजा आहे, आराम आहे. आराम! तिला विचारा. पुढे नियम बदलला, तेव्हा हिनं शिक्षक म्हणून नोंदणीसाठी आयर्लंडचा इतिहास पहिल्यापासून वाचून परीक्षा दिल्या आणि आमच्या भागातल्या एका सेकंडरी शाळेत लागली. कायम नाही, वर्षावर्षाच्या करारावर. पण लागली.

स्वभाव म्हणाल तर तिखट. मंडळाच्या फॅन्सी ड्रेसला एका आईनं आपल्या लेकाला कोंबडीची पिसं लावून 'रेड इंडियन' करून आणलं होतं. ज्ञानदा स्टेजजवळ जाऊन त्या पोराला गोड आवाजात म्हणाली, "तू कुठल्या लोकांपैकी रे? तुझी भाषा कुठली? तुझं गाव कुणी घेतलं?" पोरगं बिचारं आईकडे बघायला लागलं. आई लाल. शिरीष मंडळाचा अध्यक्ष, तो धावत गेला आणि त्यानं मिटवलं. मिटवणं हा शिरीषचा धंदाच आहे. कुणाचं पार्किंगवरून वाजलं, कुणाच्या सासू-सुनेचं बिनसलं, की लोक शिरीषला फोन करतात आणि हा जातो, दोघांच्या पाठीवर हात ठेवतो, आणि येतो. माणूस वाईट नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याचं जे करणार आहे ते वाचून तुम्हाला वाटेल, काय कजाग बाई आहे.

आता ती चादर कशासाठी, ते सांगते. इथे अठराशे सत्तेचाळीसच्या सुमारास बटाट्याचा दुष्काळ पडला होता, माणसं रस्त्याकडेला मरत होती, तेव्हा अमेरिकेतल्या चोक्टॉ नावाच्या मूळ रहिवाशांनी आपसात वर्गणी काढून आयर्लंडला पैसे पाठवले होते. स्वतःच्या घरात काही नसताना. आयरिश लोक हे विसरले नाहीत. कॉर्कच्या बाजूला त्यांच्या आठवणीसाठी स्टीलच्या पिसांचं मोठं शिल्पही उभं केलंय. दरवर्षी शाळाशाळांतून मुलं पिसांची पोस्टरं करतात, वर लिहितात, 'त्यांच्याकडे थोडं होतं, तरी त्यांनी दिलं.'

ज्ञानदा ते पोस्टर पाहून आली त्या दिवशी माझ्या किचनमध्ये येरझारा घालत होती. "थोडं का होतं? हे कुणी विचारणार की नाही? अगं, त्यांच्याकडे अख्खा मुलूख होता! एकामागून एक तह करून काढून घेतला. प्रत्येक वेळी सांगितलं, आता हे शेवटचं, आता ही जमीन कायमची तुमची. आणि मग हाकललं, थंडीत, पायी, वाटेत हजारोंनी मेले. दान करणाऱ्याचं कौतुक सगळ्यांना. त्याला भिकेला कुणी लावलं ते मात्र पोस्टरवर मावत नाही!"

"मग तू मावव," मी म्हटलं. मला काय माहीत ती एवढं मनावर घेईल.

तिनं एक पेटी करायला घेतली. कुठल्याही शाळेतल्या शिक्षकानं उघडावी आणि शिकवावं, अशी. चादरीचा नकाशा, त्याचे कापून वेगळे करायचे तुकडे, तहांचे सोप्या भाषेतले मसुदे, मुलांनी करायचे खेळ. आणि या बाईनं काय केलं माहितीये? ओक्लाहोमातल्या एका चोक्टॉ शिक्षिकेला शोधून काढलं आणि सगळं तिला दाखवलं. पेटीत हिनं एक विधीची वस्तू पुठ्ठ्याची करून ठेवली होती, केवढी मेहनत घेऊन. त्या बाईंनी सांगितलं, ही खेळायची गोष्ट नाही, काढा. हिनं तिथल्या तिथे काढून टाकली. मला हळहळ वाटली. ती म्हणाली, "उल्का, दुसऱ्याची गोष्ट सांगायची तर आधी त्याला विचारायचं. त्याच्या वतीनं आपण नाही ठरवायचं." हे वाक्य लक्षात ठेवा.

आमची ईशानी तिच्याच वर्गात, ट्रान्झिशन इयरला, म्हणजे दोन मोठ्या परीक्षांमधल्या मोकळ्या वर्षाला. पेटीतला खेळ ज्ञानदानं दर मंगळवारी याच वर्गात घ्यायचा ठरवला. पहिल्याच मंगळवारी घरी येऊन सांगत होती, अर्थात इंग्लिशमध्ये. आमच्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघतं ते इथलं, किल्डेअर जिल्ह्याचं इंग्लिश. म्हणाली, मिस म्हणजे ज्ञानदा मावशी एकदम ग्रँड आहे. तिनं खिडकीकडची, रेडिएटरजवळची सगळी टेबलं वर्गाला देऊन टाकली आणि कागदावर लिहून दिलं, जोवर गवत उगवतंय आणि पाणी वाहतंय तोवर ही जागा तुमची. सगळ्यांनी झोकात सह्या केल्या.

पुढच्या मंगळवारी नवा कागद. खिडकीची रांग सोडा, बदल्यात क्रीम बिस्किटांचे पुडे घ्या. पोरांनी हसत सह्या केल्या. त्यानंतर आणखी एक कागद, रेडिएटर गेला. उरलेलं मात्र नक्की तुमचं, अगदी शेवटचं. मग एका मंगळवारी अर्धा वर्ग गेलिक फुटबॉलच्या मॅचला गेला होता. ज्ञानदानं उरलेल्यांपुढे कागद ठेवला. ते आधी नको म्हणाले, मग घासाघीस झाली, मग कंटाळून सह्या केल्या. मॅचला गेलेली मंडळी परत आली तो त्यांची टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आणि सगळा वर्ग मागच्या दाराशी दाटीवाटीनं उभा.

ईशानी मॅचला गेलेली. घरी आली ती दप्तर आपटत. "शी कान्ट डू दॅट! आय वॉझन्ट इव्हन देअर!" जेवली नाही. फोनवर मैत्रिणींशी भांडली, तुम्ही कशाला सह्या केल्या म्हणून. मी ज्ञानदाला फोन लावला, अगं पोरगी पेटलीये. ती म्हणाली, "पेटू दे. अठराशे तीसच्या तहाला असंच झालं होतं. बहुतेक चोक्टॉ नकार देऊन, बोलणी संपली समजून घरी गेले. मागे उरलेल्या थोड्यांच्या सह्या घेतल्या आणि सगळ्यांचा मुलूख गेला. हे पुढच्या मंगळवारी सांगणार आहे मी. सगळी गंमत शेवटच्या तासात आहे, उल्का. तो तास झाला नाही, तर मी पोरांना नुसतं छळलं असं होईल."

म्हणजे सगळं त्या एका तासावर होतं. तो झाला तर धडा, नाही झाला तर जाच.

आणि पालकांनी तक्रारी केल्या. एकजण म्हणे, माझ्या मुलीला उभं केलं. दुसरा म्हणे, आमच्याच देशात येऊन आमच्या मुलांना हाकलते. हे वाक्य ज्याच्या तोंडून गेलं त्याला आपण काय बोललो ते कळलंसुद्धा नाही! मुख्याध्यापिका मिसेस डेव्हरूंनी ज्ञानदाला सांगितलं, सोमवारी बसून बोलू. ज्ञानदा म्हणाली, बोलू, पण मला शेवटचा तास घेऊ द्या, मग काय ठरवायचं ते ठरवा. बाईंनी विचार करते म्हणून सांगितलं.

आता आमचे अध्यक्ष. शुक्रवारी दुपारी मी एका बारशाच्या ऑर्डरचे बेसनाचे लाडू वळून ठेवले होते. संध्याकाळी बघते तो एक डबा कमी. शिरीष घरात आला तो शीळ घालत, जॅकेट खुर्चीला लावून, मोठ्या तोऱ्यात.

"मिटवलं," म्हणाला.

"काय मिटवलं?"

"ज्ञानदाचं. शाळेत जाऊन आलो. प्रतापशी बोललो होतो आधी, तो म्हणाला तू बघ, तिला मी समजावतो. डेव्हरूबाई एकदम सज्जन आहेत गं. ज्ञानदानं मंगळवारी वर्गाची माफी मागायची, शेवटचा तास घ्यायचा नाही, पेटीतून तहांचं काढून फक्त मदतीची गोष्ट ठेवायची. पिसं, पोस्टर वगैरे. बदल्यात तक्रार पुढे जाणार नाही, आणि पुढच्या वर्षीच्या कराराचं बघू म्हणाल्या. त्यांनी टाइप केलं, मी भारतीय समाजातर्फे सही केली. तुझे लाडू फार आवडले त्यांना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोळी तव्यावर होती, तिचा कोळसा झाला. "तू सही केलीस? तू? तिच्या तासावर?"

"अगं, तिच्या भल्यासाठीच. नोकरी गेली असती तिची."

"हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून आलास! आणि तेही माझ्याच लाडवांसकट! तिची पेटी, तिचा तास, तिची माफी, आणि सही शिरीषरावांची! तुला कुणी पाठवलं होतं?"

"प्रतापला विचारलं होतं ना."

"प्रताप शिकवतो का तिथे?"

ईशानी जिन्यात बसून सगळं ऐकत होती. खाली आली आणि बापाला म्हणाली, "वॉज शी देअर?" शिरीष म्हणाला, "कोण?" ती म्हणाली, "ज्ञानदा मावशी. वॉज शी इन द रूम?" शिरीषनं पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. ज्ञानदाच. मिसेस डेव्हरूंनी तिला ईमेल केली होती, गोष्टी इतक्या समजूतदारपणे मिटल्याबद्दल आभार मानून. तिनं कोटही काढला नाही. दारातूनच सुरू झाली.

"शिरीष, मी मेले होते का? चार घरं सोडून राहते मी! मला विचारायला तुला चार घरं चालवत नव्हती?"

"ज्ञानदा, ऐक तर. तू चिडलेली होतीस. तू गेली असतीस तर बिघडलं असतं."

"बिघडलं असतं तर माझं बिघडलं असतं! माझं बिघडवायचा हक्क माझा आहे! नागपूरहून आले तेव्हा व्हिसानं माझ्या वतीनं ठरवलं की ही घरी बसेल. आज तू ठरवलंस की ही माफी मागेल. आणि माझा नवरा म्हणतो, मी समजावतो! मी काय शेळी आहे का, दावणीला बांधून समजवायला?" ज्ञानदाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली ती रागानं.

शिरीष पुटपुटला, "आपल्या माणसाचं आपणच मिटवावं, बाहेर कशाला तमाशा, एवढंच डोक्यात होतं."

"वसईचा तह केलास रे तू," मी म्हणाले. "दुसरा बाजीराव एकटा गेला आणि इंग्रजांशी सही करून आला. शिंद्यांना विचारलं नाही, होळकरांना नाही, भोसल्यांना नाही. आणि म्हणाला असेल घरी येऊन, मिटवलं! आपले लोक युद्धात जिंकतात आणि तहात हरतात म्हणतात. तू तर युद्ध व्हायच्या आधीच हरून आलास."

सोमवारी मी ज्ञानदाबरोबर शाळेत गेले. मिसेस डेव्हरू म्हणाल्या, तुम्ही कोण? मी म्हटलं, ईशानीची आई, आणि लाडू माझे होते, ते परत हवेत. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, सॉरी, स्टाफरूममध्ये लगेच संपले, फारच छान होते. मी म्हटलं, तो करार ज्या माणसानं केला त्याला करार करायचा अधिकार नव्हता, तेव्हा डबा तरी परत द्या. रिकामा डबा हातात आला. आत चार कण.

ज्ञानदानं सांगितलं की तो कागद तिला मान्य नाही. बाई मऊ आवाजात म्हणाल्या, पण तुमच्या समाजानं सही केलीये, मी पालकांना कळवूनही टाकलं, आता मागे कसं जाणार? या देशात ट्रीटी, म्हणजे तह, हा शब्द आधीच नाजूक आहे, एकोणीसशे एकवीस साली इंग्रजांशी केलेल्या तहावरून इथे भावाभावांत युद्ध झालं, उगाच कशाला. मग म्हणाल्या, उद्या माफी तेवढी मागा, मी स्वतः वर्गात बसेन. ज्ञानदा म्हणाली, बरं. मीही म्हटलं, मग मीपण बसणार. नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

मंगळवारी वर्ग तसाच मागच्या दाराशी दाटीनं उभा. पुढची सगळी जागा मोकळी, खिडकीतून छान ऊन आलेलं, आणि तिथे कुणी नाही. मिसेस डेव्हरू एका खुर्चीवर, मी दुसऱ्या. ज्ञानदा म्हणाली, "मला तुमची माफी मागायला सांगण्यात आलंय. काय सांगण्यात आलंय ते वाचून दाखवते." आणि तिनं शिरीषचा तह वाचला, सगळा, खालच्या सहीसकट. आमचं आडनाव ऐकून सगळी पोरं ईशानीकडे वळली. माझी मान खाली गेली. लेकीची नाही गेली.

"हे ठरलं तेव्हा तुम्ही होतात?" एका मुलीनं विचारलं.

"नाही."

"मग हे चालूच शकत नाही."

"का नाही चालणार? तुमचं तर चाललं. तुमच्यातले निम्मे मॅचला होते."

एकदम गलका झाला. कुणीतरी ओरडलं, एकवीस सालासारखं, लंडनमध्ये सही करून मोकळे झाले आणि घरी विचारलंसुद्धा नाही! त्यावर आणखी गलका. मिसेस डेव्हरू अर्धवट उठल्या. ज्ञानदा त्यांच्याकडे न बघता बोलायला लागली. अठराशे तीस, मिसिसिपी, कोण घरी निघून गेले होते, कोण मागे उरले होते, नंतर थंडीत चालत जाताना काय झालं, आणि सोळा-सतरा वर्षांत त्याच लोकांनी आयर्लंडला पैसे का पाठवले असतील. शेवटचा तास झाला. मिसेस डेव्हरू पुन्हा खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल होता.

तास संपताना ज्ञानदा म्हणाली, "संपलं. हा खेळ होता. आता खिडकी तुमची, रेडिएटर तुमचा. जा, बसा आपापल्या जागी."

कुणी हललं नाही.

"अरे, जा ना. खरंच तुमची आहे."

ईशानी म्हणाली, "पहिल्या दिवशीपण तुम्ही असंच म्हणाला होतात, मिस."

ज्ञानदा टेबलाला धरून उभी राहिली. घंटा झाली आणि पोरं मागच्या दारानं निघून गेली. कुणीही त्या उन्हातून गेलं नाही. मिसेस डेव्हरू त्यांच्यामागून गेल्या.

जूनमध्ये कळलं, पुढच्या वर्षीचा करार नाही. तास कमी आहेत म्हणे. पेटी शाळेनं ठेवून घेतली, वर्गाच्या मागच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, आणि त्याच्या दारावर पिसांचं पोस्टर. ज्ञानदा आमच्याकडे आली, कोट घालून, कडक चहा मागून प्यायली आणि म्हणाली, मी दुसरी करते पेटी. मला शाळा पेटवून द्यावीशी वाटत होती.

ती गेल्यावर शिरीषनं जॅकेट उचललं. "हा शुद्ध अन्याय आहे. मी आत्ताच डेव्हरूबाईंना जाऊन भेटतो. मी बोलतो तिच्यासाठी."

मी लाटणं उचललंच होतं. पण ईशानी आधी जाऊन दारात उभी राहिली. आमची ईशानी, जी मराठीत 'हो' सुद्धा म्हणत नाही. शब्द शोधत, अडखळत, बापाच्या डोळ्याला डोळा लावून म्हणाली, "बाबा. तिला विचारलं?"